आपली सुई

हेराशेन्को साहेबांनी भर बैठकीत रिम्माचं कौतुक केलं, तेव्हाच मला त्यात काळंबेरं दिसलं. मी उभं आयुष्य ट्रॉलीबस चालवण्यात घालवलं. कुणी विचारायच्या आधीच "आमचं तिकीट आहे हं" म्हणणारा प्रवासी आणि गरज नसताना गोड बोलणारा साहेब, या दोघांपासून मी सावध असतो.

राजधानीत, कीवच्या रस्त्यांवर, नारंगी क्रांती व्हायच्या आधीच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. बुग नदीवरचा बर्फ कडेकडेने सुटायला लागला होता. आमच्या शहरातले जहाजं बांधायचे कारखाने बंद पडले, त्यानंतर इथे दोनच गोष्टी वाढल्या. एक म्हणजे शिर्का, खसखशीच्या बोंडांपासून घरोघरी उकळलेली नशा, जी लोक शिरेत टोचून घेतात. आणि तिच्या मागोमाग आलेला एचआयव्ही. तो थोपवायचा कसा, पुढच्या दोन वर्षांत कुठे काय करायचं, हे ठरवायला नगरपालिकेने एक समिती नेमली होती. हेराशेन्को साहेब तिचे उपाध्यक्ष. रिम्मा तिथे टोचून घेणाऱ्यांच्या बाजूने बसायची, आणि मी तिचा ड्रायव्हर म्हणून मागच्या भिंतीला टेकून, ओल्या ओव्हरकोटांच्या वासात उभा असायचो.

"रिम्मा बोरिसिवना," साहेब म्हणाले, "तुमची पाहणी वाचली. इतकी चांगली बातमी या दालनात बऱ्याच दिवसांत आली नव्हती. शंभरातले नव्वदाहून जास्त लोक सांगतात, सुई आम्ही आपलीच वापरतो. म्हणजे तुमची शिकवण पोचली. अभिनंदन."

रिम्मा हसली. हसताना तिने नेहमीसारखा तोंडावर हात धरला.

"मग मला सांगा," साहेब म्हणाले, "प्रत्येकाकडे आपली सुई आहे, तर सुया वाटणारी ती गाडी आता कशाला हवी? तो पैसा शाळांमध्ये फलक लावायला देऊ. मुलांना आधीच सावध करू."

रिम्माचा हात तोंडावरच राहिला. ती गाडी म्हणजे आम्ही दोघं. पूर्वी पाव वाहून नेणारी ती व्हॅन, उन्हाळ्यात अजूनही तिच्यातून पावाचा वास येतो. रोज दुपारी आम्ही ती जुन्या कारखान्याच्या मागच्या फाटकाशी लावायचो. लोक वापरलेल्या सुया सिरिंजसकट आणून डब्यात टाकायचे, नव्या न्यायचे. बरोबर कंडोम, मलमपट्टी, आणि थर्मासात उरला असेल तर चहा. शहरात या माणसांशी नीट बोलणारी तेवढी एकच खिडकी होती.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई बोलल्या. तमिला ओसिपिवना त्यांचं नाव, रक्त तपासायचं केंद्र त्या चालवायच्या. बाई सरळ, पण जिभेला धार. "गाडीचं नंतर बघू. आधी हे आकडे मला पटत नाहीत. यंदा नवीन लागण झालेल्यांत निम्म्या बायका आहेत, आणि त्यातल्या बहुतेक नवऱ्याबरोबर राहणाऱ्या. आपलीच सुई वापरतो म्हणणाऱ्या."

"नवरा-बायकोत लागण व्हायला सुईच लागते असं नाही," साहेब म्हणाले. "तो घरगुती मामला झाला."

"ते मी धरूनच चाललेय. पण त्याच बायकांना रक्तातून जाणारी कावीळही आहे. ती त्या वाटेने सहसा जात नाही, सुईनेच जाते. तेव्हा या बायका दुसऱ्यांच्या सुया वापरतायत आणि रिम्माला थापा मारतायत."

रिम्मा उभी राहिली. "माझी माणसं माझ्याशी खोटं बोलत नाहीत."

"मग माझ्या नळ्यांमधलं रक्त खोटं बोलतंय?"

"असेल. मला काय ठाऊक तुम्ही नळ्या कशा धुता ते."

हेराशेन्को साहेबांनी चष्मा काढून रुमालाने पुसला. त्यांना आयतंच सापडलं होतं. "बाई, हा निकाल तुम्ही दोघींनीच लावा. गुरुवारी आराखडा कायम होईल. पाहणी खरी असेल, तर गाडीची गरज नाही. आणि खोटी असेल, तर खोट्या पाहण्या करणाऱ्यांना पालिकेने का पोसावं, तेही गुरुवारी सांगा."

इकडे आड, तिकडे विहीर. आणि आज होता सोमवार.

रिम्मा कोण, ते आता सांगायला हवं, नाहीतर तिला एवढं का झोंबलं ते कळायचं नाही. आम्ही गाडी लावायचो त्याच फाटकाच्या आत ती पूर्वी जहाजांचे आराखडे उतरवून काढायची. तिचा नवरा वादिम तिथेच वेल्डर. देखणा, दिलदार, खिशात आलेला पैसा मित्रांवर उडवणारा. कारखाना बंद पडल्यावर रिम्मा बाजारात सुकी मासळी विकायला बसली आणि वादिम शिर्का टोचून पडून राहायला लागला. मग तीही त्याच्या बरोबरीने टोचायला लागली. वादिम गेला तेव्हा इस्पितळाने फुप्फुसाचा आजार लिहिला. त्यानंतर वर्षभराने रिम्माच्या रक्तात एचआयव्ही निघाला. तो धक्का बसला आणि तिने शिर्का सोडली. कशी सोडली हे ती कुणाला सांगत नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "काका, दाराला आतून कुलूप लावलं आणि किल्ली शेजारणीकडे टाकली. पुढचं विचारू नका."

लागण कुठून झाली, याबद्दल मात्र तिला काडीची शंका नव्हती. दवाखान्यातली दात काढणारी बाई! तिने अवजारं उकळली नसणार. "मी आयुष्यात आपली सोडून दुसऱ्याची सुई लावली नाही," रिम्मा सांगायची, "मग त्या सटवीशिवाय कुठून येणार?" म्हणून ती पुन्हा दातांच्या डॉक्टरकडे पाय ठेवायला तयार नव्हती. पुढचे दात पडले तरी गेली नाही, हसताना हात धरायला शिकली. त्या दवाखान्यावरून गाडी नेली तर मान फिरवायची.

आणि पाहणी ही तिची छाती फुगवायची गोष्ट होती. कीवहून छापून आलेल्या प्रश्नांत लिहिलं होतं, "आपण टोचण्याच्या साधनांचा सामायिक वापर करता काय?" फाटकाशी येणाऱ्या माणसांना त्यातलं ढिम्म कळेना. एकाने तर सांगितलं, "आमच्याकडे सामायिक फक्त संडास आहे." तेव्हा रिम्माने तो प्रश्न खोडला आणि आपल्या बोलीत लिहिला: "सुई नेहमी आपलीच वापरतोस ना?" धडाधड उत्तरं यायला लागली. कीवच्या लोकांनीसुद्धा तिची पाठ थोपटली होती.

मंगळवारी दुपारी गाडी लावल्या लावल्या ती खिडकीत बसली आणि येईल त्या बाईला तेच विचारायला लागली. मासळीवाली एक जाडी बाई होती, ती म्हणाली, "परवाच तर विचारलंस. काय गं, मी नापास झाले की काय?"

"नुसतं उत्तर दे. सुई आपलीच ना?"

"आपलीच गं बाई. लोकांच्या सुया टोचायला मी काय रस्त्यावर पडलेय?"

दुसरी तेच बोलली, तिसरी तेच. एकीने तर वैतागून आईची शपथ घेतली. रिम्माचा आवाज चढत गेला, आणि शेवटी रांगेतल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मी तिला म्हटलं, "पुरे कर. पोलिसासारखी विचारतेस. उद्या यायच्या नाहीत त्या."

"उद्याचं मला नका सांगू, काका. परवा गाडी गेली तर त्या कुठे येणार आहेत?"

मग तिने प्रश्नांचे कागद गुंडाळून ठेवले. तिचं मन मला कळत होतं. डॉक्टरीणबाई खोट्या असत्या तर बरं, असं तिला वाटत होतं, आणि त्या खोट्या नाहीत हेही तिला ठाऊक होतं. मग उरल्या या बायका. ज्यांची गळवं तिने धुतली, ज्यांच्यासाठी ती ठाण्यात जाऊन भांडली, त्या तोंडावर खोटं बोलतात, हे तिला गिळवत नव्हतं.

बुधवार मास्न्यित्सातला होता, म्हणजे ईस्टरआधीचे सात आठवड्यांचे उपास सुरू व्हायच्या आधीच्या खाण्यापिण्याच्या आठवड्यातला. रिम्माची नणंद इंगा, वादिमची धाकटी बहीण, हिने आम्हा दोघांना दह्याचा चक्का भरलेल्या वारेनिकी, म्हणजे उकडलेल्या करंज्या, खायला बोलावलं होतं. रिम्माचं मन नव्हतं. पण वादिम गेल्यावर तिला रक्ताच्या नात्यासारखी उरलेली ती एकच. इंगाला तिने शाळेत सोडलं, तिच्या केसांना रिबिनी बांधल्या. पुढे इंगाही शिर्काला लागली, तिचा नवरा रुसलानही. ते सोडवणं रिम्माला जमलं नाही, निदान नव्या सुया तरी ती घरपोच द्यायची.

वारेनिकी छान झाल्या होत्या. वर साय, तळलेला कांदा. रुसलानने माझ्या पेल्यात कडक होरिल्का ओतली आणि म्हणाला, "काका, घ्या. उद्या साहेबाने गाडी काढून घेतली की तुम्हाला चालवायला काही नाही. तेव्हा प्यायला हरकत नाही."

"तुझी जीभ आधी काढून घ्यायला हवी," मी म्हटलं. पोरगा वाईट नव्हता. इंगावर त्याचा जीव होता. स्वतःच्या ताटलीतल्या चांगल्या चांगल्या वारेनिकी तो तिच्या ताटलीत सारत होता.

थोड्या वेळाने तो उठून आतल्या खोलीत गेला. आम्ही जेवत राहिलो. त्या घरात ते जेवणाइतकंच नेहमीचं होतं. तो बाहेर आला, डोळे जड, चेहरा निवलेला, आणि इंगाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "जा, तुझं ठेवलंय." इंगा उठली. दार अर्धं उघडंच होतं. रिम्मा चहा ओतत होती, तिने सहज तिकडे पाहिलं. टेबलावर पाण्याचा ग्लास, शेजारी बशी. बशीत सुई. ग्लासातलं पाणी गुलाबी झालेलं.

रिम्माने किटली खाली ठेवली. "इंगा, थांब. ती सुई कुणाची?"

"आपली."

"आपली म्हणजे कुणाची?"

इंगा तिच्याकडे बघत राहिली, रिम्माला अचानक भाषाच कळेनाशी झाली असावी तशी. "आपली म्हणजे आपली. रुसलानने आत्ता लावली, धुवून ठेवली. परक्याची थोडीच आहे?"

"आणि मी विचारलं होतं तेव्हा तू काय सांगितलंस?"

"हेच. आपलीच वापरते म्हणून. वहिनी, मी तुझ्याशी कधी खोटं बोलले का?"

"वहिनी, तुम्ही उगीच घाबरताय," रुसलान समजुतीने म्हणाला. "बाहेरच्या कुणाची आम्ही हातात घेत नाही. फार तर कधी स्लाविकची. पण स्लाविक लहानपणापासूनचा दोस्त माझा, तोही आपलाच."

रिम्मा खुर्चीवर बसली. आमच्या बोलीत घर आपलं, गल्ली आपली, नवरा आपला, नवऱ्याचा दोस्त आपला. मी स्वतः तोच शब्द जन्मभर वापरला, पण त्यात किती माणसं मावतात हे मोजायचं मला कधी सुचलं नव्हतं. फाटकाशी येणाऱ्या एकाही बाईने थाप मारली नव्हती. मला वाटलं, रिम्माला आता हायसं वाटेल. मी तसं तिला म्हणालोही. "बघ, खोटं कुणीच बोललं नव्हतं."

तिने माझं ऐकलंच नाही. तिचा रंग उतरत चालला होता. "इस्पितळात माझं कार्ड भरलं," ती अगदी हळू म्हणाली, "तेव्हा नर्सने विचारलं, दुसऱ्याची सुई कधी वापरलीस? मी सांगितलं, कधीच नाही. आपलीच." मग तिने इंगाकडे पाहिलं. "वादिमही असाच म्हणायचा. जा, तुझं ठेवलंय."

इंगाला कळायला क्षणभर लागला. मग तिने टेबलावर हात आपटला. "दादाचं नाव घेऊ नकोस. तुला ते त्या दातवालीकडून झालं. तूच सांगायचीस."

"मी सांगायचे. मला तसंच वाटायचं."

"दादा मेला फुप्फुसाने. तो तुला असलं काही देईल? तुझ्यावर जीव टाकायचा तो."

"त्याला तरी कुठे ठाऊक होतं, इंगा? मलाही नव्हतं. त्याच्यावर मी आळ नाही घेत. मी एवढंच म्हणते, आता ती सुई ठेव. उद्या माझ्याबरोबर चल, रक्त तपासून घेऊ. तुझं आणि रुसलानचं."

"आणि ह्या रुसलानला काय सांगू? वेगळी सुई घेते, कारण माझा तुझ्यावर भरवसा नाही? तो काय रस्त्यावरचा आहे?" इंगाचा आवाज फुटला. "उद्या तू त्या साहेबांपुढे दादाचं नाव काढणार. मला कळतंय. काढलंस तर या घरात पाय ठेवायचा नाही."

रुसलान खाली मान घालून बशीकडे बघत होता. आम्ही कोट चढवून निघालो. जिन्यात रिम्मा थांबली, मागे आतल्या खोलीचं दार लागल्याचा आवाज आला. तिने वर जायला पाय उचलला, मग कठडा धरून तशीच उभी राहिली. दार लागल्यावर इंगाने काय केलं असणार, ते आम्हा दोघांना माहीत होतं.

गुरुवारी पालिकेकडे जाताना मी तिला माझ्या अकलेने सल्ला दिला. म्हटलं, "शब्दाचा घोळ झाला एवढंच सांग. स्वतःचं आणि वादिमचं काही काढू नकोस. आपलेच दात आणि आपलेच ओठ."

"नुसता घोळ म्हणून सांगितलं तर हेराशेन्को म्हणेल, नवीन सबब आणली. त्याला पटायला माणूस लागतं, काका. दुसऱ्या कुणा बाईला मी त्या दालनात उभं करू? इंगाला करू?"

"आणि इंगा तुटली तर?"

"तुटली तर निदान जिवंत असेल," ती म्हणाली.

बैठकीत तिने सुरुवातीलाच सांगून टाकलं. "पाहणी चुकली. उत्तरं खरी आहेत, प्रश्न चुकीचा होता, आणि तो प्रश्न मी लिहिला. मी विचारलं, सुई आपलीच ना? सगळे म्हणाले, आपलीच. नवऱ्याची आपली. भावाची आपली. शेजाऱ्याची आपली. बाहेरचं कुणी विचारायला आलं असतं, तर त्याने विचारलं असतं, आपली म्हणजे कुणाची. मी त्यांच्यातलीच, म्हणून मला विचारावंसं वाटलं नाही."

हेराशेन्को साहेब खुर्चीत मागे रेलले. "म्हणजे सोमवारी खरी होती ती पाहणी गुरुवारी खोटी झाली. आणि आम्ही हे नुसतं ऐकून घ्यायचं?"

"मला स्वतःला लागण आहे," रिम्मा म्हणाली.

दालनात सगळ्यांना ते ठाऊक असावं, पण असं तोंडाने कुणी बोललं नव्हतं. लिहून घेणारी मुलगी थांबली.

"इतकी वर्षं मी एका दातांच्या डॉक्टरला शिव्या दिल्या. बिचारीचा काही संबंध नव्हता. मला माझ्या नवऱ्याकडून झालं. त्याने वापरलेली सुई मी वापरायचे आणि तिला आपली म्हणायचे. परवा तुम्ही मला विचारलं असतं, तर मीही तुमच्या त्या नव्वदांत बसले असते. मी काही खोटं बोलले नसते."

तिचे डोळे कोरडे होते, माझे मात्र भरून आले. वादिम माझ्याच ट्रॉलीबसने कामावर जायचा, दारात लटकून मला वाटभर चिडवायचा. त्याचं नाव असं कागदावर चढताना मला बघवत नव्हतं.

तमिला ओसिपिवना उठल्या. मला वाटलं, आता या बाई म्हणणार, बघा, मी सांगत नव्हते? त्या म्हणाल्या, "मी त्या बायकांना खोटारड्या म्हटलं. ते मागे घेते. रक्त घेताना मीही त्यांना हेच विचारते, अगदी याच शब्दांत. उत्तर ऐकून मला राग यायचा. पुढचा प्रश्न मलाही सुचला नाही." मग साहेबांकडे वळून म्हणाल्या, "ईस्टरपर्यंत मुदत द्या. माझे लोक आणि हिचे लोक मिळून पुन्हा विचारू. तोवर गाडी काढू नका. काढलीत, तर पुढच्या वर्षीचे आकडे तुमच्या सहीने कीवला जातील."

हे शेवटचं साहेबांना लागलं. त्यांनी मुदत दिली, पण आनंदाने नाही. "ईस्टरनंतर एक दिवसही नाही," ते म्हणाले.

नवा प्रश्न रिम्माने आणि डॉक्टरीणबाईंनी गाडीतच बसून ठरवला, दोघी एकमेकींचे शब्द खोडत. शेवटी राहिलं ते एवढंच: "परवा टोचलीस ती सुई तुझ्याआधी कुणी वापरली होती?" मासळीवालीने तो ऐकला आणि हसायला लागली. "कुणी म्हणजे? माझ्या घरवाल्याने." मग तिचं हसू थांबलं. खिडकीतून बाजूला न होता ती विचारायला लागली, "त्याच्याआधी कुणी, ते मला कसं कळणार?" त्या दिवशी पाच-सहा बायका खिडकीशी अशाच थबकल्या. सगळं मोजल्यावर दिसलं, जोडीने राहणाऱ्यांत तिघींतल्या दोघी नवऱ्यानंतर टोचत होत्या. नेहमी तो आधी, ती नंतर. जेवायला जसं आधी त्याला वाढतात तसं.

त्यावरून आराखडा बदलला. रिम्मा म्हणाली, वेगळी सुई घे म्हटलं की बाईला वाटतं नवऱ्याला परका करतेय. तेव्हा घरात भांडण न होता वेगळी राहील असं काहीतरी हवं. बाजारातून नखांना लावायचा लाल आणि निळा रंग आणला, आणि आम्ही सुयांच्या दट्ट्यांची टोकं रंगवायला बसलो. एका घराला एक पुडकं, त्यात दोन रंग. बाईचा लाल. माझी बोटं महिनाभर एखाद्या नटीसारखी दिसत होती आणि रांगेतले लोक मला युखिमकाकाऐवजी "युखिमताई" म्हणायला लागले. ईस्टरनंतर साहेबांनी आराखड्यावर सही केली. गाडी राहिली, पण आठवड्यातून तीन दिवस, आणि थोडे पैसे शाळांच्या फलकांना गेले. रिम्मा म्हणाली, तीन तर तीन.

पण ज्या घरासाठी तिच्या जिवाची घालमेल चालली होती, त्या घरातून कुणी आलं नाही. वादिमचं नाव बाजारभर झालं होतं. इंगाने शब्द खरा केला. रिम्मा दोनदा जाऊन आली, दार उघडलं नाही. पुडकं दाराशी ठेवलं, ते दुसऱ्या दिवशी तसंच होतं. गाडी लावली की ती खिडकीतून रांगेच्या शेवटापर्यंत नजर टाकायची, मग कामाला लागायची. मी काही विचारलं की अंगावर यायची, म्हणून मीही विचारणं सोडलं.

मे महिन्यात रुसलानला ताप भरला आणि उतरेना. त्याला इस्पितळात नेलं, तिथे रक्त तपासलं. त्याला लागण निघाली. ही बातमी आम्हाला डॉक्टरीणबाईंनी दिली नाही, त्या कुणाचं सांगत नाहीत. ती मासळीवालीने दिली. रिम्माने ऐकलं आणि गाडीच्या पायरीवर बसून राहिली. तिच्या तोंडून एवढंच निघालं, "म्हणजे इंगाही."

इंगा आली ती त्यानंतरच्या आठवड्यात. रांगेत उभी राहिली, सगळ्यांच्या मागे. नात्यातली म्हणून पुढे आली नाही. बारीक झाली होती. रिम्माने तिला पाहिलं, पण मधल्या एकाही माणसाला घाईने वाटेला लावलं नाही. फक्त सुया मोजताना दोनदा चुकली.

खिडकीशी येऊन इंगा म्हणाली, "माझं निगेटिव्ह आलं."

रिम्माने खिडकीची कड घट्ट धरली.

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून खात्री नाही. तीन महिन्यांनी परत बघायचं. तोवर त्याची लावायची नाही." इंगा खाली बघत बोलत होती. "मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, आता मी परका झालो का?"

रिम्माने पुडकं पुढे केलं. इंगाने ते उघडलं, लाल टोकांच्या सुया काढून घेतल्या आणि निळ्या परत सारल्या. "त्याच्या त्याने येऊन न्याव्यात," ती म्हणाली आणि तिला रडू आलं. डोळे बाहीने पुसून ती निघाली, चार पावलं जाऊन परत आली.

"वहिनी, दादाने तुला सांगितलं असतं तर? की त्याला आहे म्हणून."

रिम्माने परत आलेल्या निळ्या सुया बाजूला ठेवल्या. मागच्या माणसाला तिने हातानेच थांबवलं.

"सांगितलं असतं तरी मी त्याचीच घेतली असती," ती म्हणाली. "तू नको घेऊस."